साइडबारमध्ये संबंधित ताज्या बातम्या: कस्टम फील्ड वापरणाऱ्या नवख्यांसाठी

सांगली-साताऱ्यात वेबसाइटची कामं घ्यायला लागलात की ही मागणी हमखास येते: तासगावच्या बेदाण्याची बातमी उघडली तर बाजूला तासगावच्याच ताज्या बातम्या दिसायला हव्यात. वर्डप्रेस हाताळता येतं, चाइल्ड थीम कशाला लागते हे माहीत आहे, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

कोड मोठा नाही, त्याला घाबरू नका. उघडलेल्या पोस्टचा आयडी घ्यायचा, ‘गेट पोस्ट मेटा’नं तिच्या ‘तालुका’ या कस्टम फील्डची (पोस्टला जोडलेल्या जादा माहितीच्या रकान्याची) किंमत वाचायची (तिसरा पॅरामीटर ट्रू, नाहीतर हातात अ‍ॅरे येतो), तीच किंमत मेटा क्वेरीत देऊन नवी डब्ल्यूपी क्वेरी (अटींनुसार पोस्ट शोधून आणणारी वर्डप्रेसची सोय) चालवायची. पोस्ट ५, चालू पोस्ट वगळलेली, क्रम तारखेनुसार उतरता. पानांची मोजणी इथं लागत नाही, म्हणून ‘नो फाउंड रोज’ ट्रू करा. लूप संपला की ‘डब्ल्यूपी रीसेट पोस्टडेटा’ लिहायलाच हवं. ते राहिलं तर साइडबारनंतर छापला जाणारा मजकूर भलत्याच पोस्टचा येऊ शकतो.

आयडी घेताना ‘गेट द आयडी’वर विसंबू नका. साइडबारपर्यंत पोचेतो दुसऱ्या एखाद्या लूपनं ग्लोबल पोस्ट बदललेली असू शकते. ‘गेट क्वेरीड ऑब्जेक्ट आयडी’ वापरा, पण ‘इज सिंग्युलर’ तपासूनच, कारण कॅटेगरीच्या पानावर तोच आयडी कॅटेगरीचा असतो.

आता खरा सापळा. तो कोडमध्ये नसतो, फील्डमध्ये भरलेल्या शब्दात असतो. एक वार्ताहर ‘कराड’ लिहितो, दुसरा ‘कऱ्हाड’, तिसरा रोमन लिपीत. डेटाबेसच्या लेखी हे तीन वेगळे तालुके आहेत. खटाव तालुक्याची बातमी कुणी ‘वडूज’ म्हणून भरतो, माणची ‘दहिवडी’, जावळीची ‘मेढा’, खानापूरची ‘विटा’. वाळव्याच्या जागी ‘इस्लामपूर’ असतं, आणि आता त्या शहराचं नाव ईश्वरपूर झाल्यामुळे तिसरा शब्दही येतो. वाचणाऱ्याला सगळं कळतं, बरोबरीच्या चिन्हाला कळत नाही. त्यात मोबाइलच्या काही कीबोर्डवरून जोडाक्षरात न दिसणारं जोडचिन्ह घुसतं. मग दोन शब्द डोळ्यांना सारखे दिसतात आणि तरी जुळतीलच याची खात्री नसते.

सगळ्यात वाईट म्हणजे यात एरर कुठेच येत नाही. साइडबार रिकामा दिसला असता तर शंका आली असती. इथं दोन-तीन बातम्या दिसतात, काम झालं असं वाटतं आणि बाकीच्या बातम्या कायमच्या बाहेर राहतात. कोड पुन्हा पुन्हा तपासून रात्र घालवू नका, आधी टेबल बघा. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस उघडून दाखवणारं साधन) पोस्टमेटा हे टेबल उघडा, मेटा की ‘तालुका’ एवढ्याच ओळी घ्या, मेटा व्हॅल्यूनुसार गट पाडा आणि प्रत्येक गटाची संख्या काढा. सातारा जिल्ह्यात ११ तालुके, सांगलीत १०. दोन्ही जिल्ह्यांचं पोर्टल असलं तरी २१च्या वर ओळी यायला नकोत. पस्तीस आल्या तर दुखणं सापडलं.

उपाय सोपा आहे. लिहिण्याची मोकळीकच ठेवू नका. अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या प्लगइनमध्ये सिलेक्ट प्रकारचं फील्ड करा. त्यात प्रत्येक पर्यायाची साठवायची किंमत वेगळी आणि दिसणारं नाव वेगळं देता येतं. किंमत रोमन लिपीत, लहान अक्षरांत, एकदा ठरली की न बदलणारी. नाव मराठीत, हवं तेव्हा बदला. उद्या तालुक्याचं नाव बदललं तरी एकही जुनी पोस्ट उघडावी लागणार नाही. जुन्या चुकीच्या किमती आधी बॅकअप घेऊन टेबलमध्येच दुरुस्त करा. तिथं प्रत्येक फील्डच्या दोन ओळी दिसतील. अंडरस्कोरनं सुरू होणारी ओळ प्लगइनची स्वतःची आहे, तिला हात लावू नका.

चेकबॉक्स मात्र टाळा. एका बातमीला दोन तालुके देता येतात म्हणून तो बरा वाटतो, पण त्याची किंमत सीरियलाइज होऊन (सगळे पर्याय एकाच मजकुरात गुंफून) साठते आणि साधी बरोबरीची तुलना तिथं लागू पडत नाही.

फील्ड रिकामं असलेली पोस्ट हा दुसरा धोका. ‘मेटा की’ आणि ‘मेटा व्हॅल्यू’ असे सुटे पॅरामीटर देऊन क्वेरी लिहिली असेल आणि किंमत रिकामी निघाली, तर वर्डप्रेस किमतीची अट सोडून देतं. मग तालुका भरलेली कुठलीही पोस्ट तिथं येते, शिराळ्याच्या बातमीशेजारी फलटण. किंमत रिकामी असेल तर क्वेरी चालवूच नका, सरळ परत फिरा. पाच मागितल्या आणि सात आल्या, तर चिकटवलेल्या पोस्ट आत शिरल्यात असं समजा. ‘इग्नोर स्टिकी पोस्ट्स’ ट्रू केलं की थांबतात.

‘ताज्या’ या शब्दाची जबाबदारीही घ्या. हळदीचा दर सहा महिन्यांपूर्वीचा असेल आणि तो ताज्या बातम्यांखाली दिसत असेल, तर शेतकऱ्याची दिशाभूल होते. डेट क्वेरीत ‘आफ्टर’ला तीन आठवड्यांची मर्यादा घाला, आणि त्यात काहीच सापडलं नाही तर चौकट दाखवूच नका. दरानुसार क्रम लावायचा असेल तर ‘मेटा व्हॅल्यू नम’ वापरा. फील्डमधला आकडा मजकूर म्हणून साठतो, त्यामुळे साध्या क्रमात १४५०० हे ९०००च्या आधी येतं.

वेग हा वादाचा मुद्दा आहे आणि ‘कस्टम फील्ड नको, टॅक्सॉनॉमी (कॅटेगरीसारखी वर्गवारी) वापर’ असं सांगणारे चुकीचे नाहीत. मेटा व्हॅल्यूला इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची) नसतो, म्हणून पोस्ट वाढल्या की ही क्वेरी जड होते. नवं पोर्टल उभारत असाल तर तालुका टॅक्सॉनॉमीतच ठेवा. पण फील्ड आधीच भरलेली आहेत आणि पोस्ट दोन-चार हजार आहेत, तर सगळं मोडून नव्यानं करायची गरज नाही. प्रत्येक तालुक्याची यादी ट्रान्झिएंटमध्ये (वर्डप्रेसची ठरावीक वेळेपुरती साठवण) तासभर ठेवा, नवी पोस्ट प्रसिद्ध होताच ती पुसा. यादी साठवताना सहा पोस्ट घ्या आणि चालू पोस्ट दाखवताना वगळा, नाहीतर एका पोस्टसाठी केलेली वगळणी सगळ्या पानांवर लागू होते.

तयार ‘रिलेटेड पोस्ट’ प्लगइन शिकण्याच्या काळात तरी लावू नका. ते कशावरून संबंध जुळवतं हे कळत नाही आणि क्लायंटनं विचारलं तर उत्तर देता येत नाही. कोड देणारे गुरू पुष्कळ भेटतील, टेबल उघडून दाखवणाऱ्याजवळ बसा.

काम सोपवण्याआधी चार पानं उघडा: तालुका भरलेली पोस्ट, न भरलेली पोस्ट, ज्या तालुक्याची एकच बातमी आहे ती पोस्ट, आणि कॅटेगरीचं पान. मग त्या पहिल्याच तालुक्याची नवी बातमी टाकून, लॉगआउट होऊन पहिलं पान पुन्हा बघा. नवी बातमी बाजूला दिसली नाही तर पेज कॅशमध्ये (तयार पानांच्या साठवलेल्या प्रतींत) जुनं पान अडकलेलं असू शकतं. तेव्हा कोडला हात न लावता आधी कॅश रिकामी करा.