फेरीतल्या जागा: पावणी कुठे करावी, चिठ्ठी कुठे टाकावी

देवस्थान समितीवर नव्याने खजिनदार झालेल्यांसाठी हे लिहितोय. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका देवस्थानाचा खजिनदार. त्याआधी उभी नोकरी सहकारी बँकेत कॅशियर म्हणून झाली, त्यामुळे जमेची बाजू वाढलेली मला कोणाहूनही जास्त आवडते. तरी सांगतो, जत्रेच्या फेरीतल्या, म्हणजे तिथे लागणाऱ्या दुकानांच्या, सगळ्या जागा एकाच पावणीत (लिलावात) काढू नका.

आधी जमिनीचे कागद बघा. आवार देवस्थानचं, रस्त्याची कड पंचायतीची, पलीकडचा शेताचा तुकडा कदाचित कोमुनिदादीचा (गावकऱ्यांच्या सामाईक जमिनीची संस्था). दुसऱ्याच्या जागेचे पैसे घेतलेत तर जत्रेपेक्षा भांडणालाच गर्दी जास्त होईल.

मग ठरवा की जत्रेला काय असायलाच हवं. अबोलीच्या फाती (गजरे), गोड खाजें, चणे, नारळ-उदबत्ती. यांच्याशिवाय जत्रा कसली? आणि उघड्या पावणीत नेमकी हीच माणसं पहिल्या फटक्यात बाद होतात. फुलकारीण रात्रभर बसून फाती विकते, पण आईस्क्रीमवाल्याने दोन हजारांनी बोली चढवली की ती पाटी उचलून चालू लागते. वस्तू ज्याला सगळ्यात मोलाची, त्याच्याच हाती जावी आणि लिलाव ते काम चोख करतो, असं अर्थशास्त्र सांगतं. सगळ्यांचे खिसे सारखे असते तर मीही मान डोलावली असती. एरवी बोलीत कळते ती ऐपत. सगळ्यात मोठी बोली तर गडगडोवाला, म्हणजे जत्रेत जुगार मांडणारा, लावील! जुगाराविरुद्ध 1976 चा कायदा आहे. 'या जागेत जुगार चालणार नाही' ही अट अर्जावरच छापा, तोंडी ठेवू नका.

समितीत कोणीतरी हमखास म्हणेल, पावणी केली नाही तर भ्रष्टाचार होतो. त्याला 2012 साल आठवून द्या. त्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने लिलावाशिवाय वाटलेले टू-जी मोबाइल सेवेचे 122 परवाने रद्द केले आणि जो तो लिलावाचं नाव घेऊ लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की नैसर्गिक संपत्ती द्यायचा लिलाव हा एकमेव मार्ग नव्हे. आमच्या गोव्यात 2018 मध्ये 88 खाणपट्टे रद्द झाले, पुढे लिलाव सुरू झाले. लोहखनिजाला ते योग्यच. फुलकारणीला नाही.

तेव्हा जागांचे दोन भाग करा. देवळाच्या पायऱ्यांजवळचा भाग फुलं, खाजें, चणे आणि नारळवाल्यांना ठरावीक भाड्याने. अर्ज जागांहून जास्त आले तर चिठ्ठ्या टाका, पोराच्या हाताने, सगळ्यांसमोर. चिठ्ठीला हसू नका, अथेन्सच्या लोकशाहीत पाचशे जणांचं मंडळ असंच निवडत. मात्र अनामत घ्या, नाहीतर ज्याला दुकान लावायचंच नाही तोही नाव घालतो आणि चिठ्ठी निघाली की ती विकून मोकळा होतो. एका घराला एकच जागा, आणि ज्याचं नाव तोच तिथे बसेल.

भजी, आईस्क्रीम, खेळणी, पाळणे यांची पावणी खुशाल करा, पण बंद पाकिटाने. आमच्याकडे उघड्या पावणीआधीच हॉटेलात चहावर ठरतं, कोण किती बोलणार आणि कोण गप्प बसणार. म्हणून तळाची किंमत, जिच्याखाली बोली चालणार नाही, ती आधीच जाहीर करायला हवी. धरा, मोक्याच्या तीन सारख्या जागा आहेत आणि पाकिटं पाच: 9000, 7000, 6500, 5000, 4000. वरच्या तिघांना जागा मिळते, आणि तिघेही 5000 भरतात, म्हणजे हुकलेल्यांतल्या पहिल्याची बोली. एवढं ऐकलं की समिती उसळते: 22,500 येत होते, 15,000 वर का सोडता? ते येत नव्हतेच. लिहिलेलं तेवढं भरायचं असेल तर 9000 ची ऐपत असलेला 6000 लिहितो आणि शेजाऱ्याच्या पाकिटाचा अंदाज बांधत बसतो. भरायची रक्कम दुसऱ्याच्या बोलीवरून ठरली, की खरा आकडा लिहिण्यातच त्याचा फायदा. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने 1961 मध्ये हे मांडलं, 1996 मध्ये नोबेल मिळालं. (आडनाव विक्री, आणि अभ्यास लिलावाचा.)

नियम कोणी करायचे, हा जास्त अवघड भाग. 1933 च्या देवस्थान नियमांखाली मत महाजनांचं, म्हणजे देवस्थानच्या नोंदलेल्या सभासदांचं. दुकानवाल्यांना मत नाही, आणि महाजनांतला कोणी भजी तळायला बसत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहरांतल्या समित्यांत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या, त्यातल्या एक तृतीयांश बायकांना. देवस्थानला तो लागू नाही, तरी त्यावरून एवढं उचला: महाजनांच्या सभेआधी दुकानवाल्यांची एक बैठक घ्या आणि त्यांनी सुचवलेलं इतिवृत्तात लिहा. फुलकारणी बोलणार नाहीत, त्यांना नाव घेऊन विचारा. कोणती जागा कोणाला जाणार हे कळायच्या आधी नियम पक्के झाले पाहिजेत. नंतर प्रत्येकाला आपल्या सोयीचाच नियम न्यायाचा वाटतो.

जत्रा संपल्यावर आठवड्यात अनामत परत करा. कोणाकडून किती आले, कोणत्या जागेचे, हा तक्ता देवळाच्या फलकावर लावा, समितीवाल्यांच्या नातेवाइकांची नावंसुद्धा. पावसाने भिजणार नाही अशा जागी.