परराष्ट्र धोरणाचं पाठ्यपुस्तक कसं निवडावं

पदवीच्या वर्गाला ‘भारताचे परराष्ट्र धोरण’ हा पेपर मी बरीच वर्षं शिकवते आहे. दर जूनमध्ये कुणीतरी नवीन सहकारी विचारते, “मॅडम, कोणतं पुस्तक लावू?” स्टाफरूममध्ये तिला एकच उत्तर मिळतं : अभ्यासक्रमाशी घटकवार जुळणारं लाव. हा सल्ला चुकीचा आहे. बाजारातली बहुतेक पुस्तकं अभ्यासक्रम समोर ठेवूनच लिहिलेली असतात, त्यामुळे अनुक्रमणिका जुळणारच. आत काय आहे, ते तिच्यावरून कळत नाही.

1. चार पुस्तकं टेबलावर घ्या. दोन मराठी, दोन इंग्रजी. प्रश्नोत्तरांची गाईडं यात धरू नका.

2. ‘सुधारित आवृत्ती’ खरंच सुधारली आहे का ते बघा. बांगलादेशचं प्रकरण उघडा. एकमेकांच्या हद्दीत अडकलेले भारताचे 111 आणि बांगलादेशचे 51 जमिनीचे तुकडे 2015 मध्ये अदलाबदल होऊन निकाली निघाले. तो प्रश्न अजून ‘प्रलंबित’ असेल, तर शेवटी एक नवं प्रकरण चिकटवून जुनंच पुस्तक पुन्हा छापलेलं आहे. बाजूला ठेवा.

3. एक करार घ्या आणि मूळ मसुदा शेजारी ठेवून ते प्रकरण वाचा. सगळी निवड इथे ठरते, आणि मी चुकले तीही इथेच.

सुरुवातीच्या वर्षांत मी एक देखणं पुस्तक लावलं होतं. त्यात भारत आणि चीन यांनी मान्य केलेली पंचशीलाची पाच तत्त्वं (एकमेकांवर आक्रमण न करणं, शांततेनं सोबत राहणं वगैरे) चौकटीत छापली होती. मी ती फळ्यावर लिहिली, मुलांनी वहीत उतरवली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, एवढं सगळं ठरलं होतं, तर आठ वर्षांत चीनशी युद्ध कसं झालं?” पुस्तकात उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी मी 29 एप्रिल 1954 चा करार पहिल्यांदा मुळातून वाचला.

तो करार आहे ‘चीनचा तिबेट प्रदेश’ आणि भारत यांच्यातल्या व्यापाराचा आणि ये-जा करण्याचा. पाच तत्त्वं आहेत ती प्रस्तावनेत. पुढची कलमं व्यापारी ठाणी, बाजार, यात्रेकरू आणि वाटा यांबद्दल आहेत. शिपकी, माना, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपुलेख या सहा खिंडींची नावं आहेत, पण सीमा कुठून जाते याबद्दल एक ओळ नाही. मुदत आठ वर्षांची. जून 1962 मध्ये ती संपली आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झालं. सोबतच्या पत्रांनुसार भारताने तिबेटमधल्या यातुंग आणि ग्यांत्से इथल्या लष्करी तुकड्या मागे घेतल्या. तार-टपाल सेवा आणि 12 विश्रामगृहं चीनकडे सोपवली. मुलीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या कागदातच होतं.

आता तुमच्या चार पुस्तकांत बघा. तिबेट हा शब्द तरी आहे का? सीमेचा विषय दिल्लीने का काढला नाही, त्याच वर्षी जुलैमध्ये नेहरूंनी नकाशांवर सीमा पक्की दाखवायला का सांगितलं, यावर लेखक काही बोलतो का? ‘नेहरू भोळे होते’ एवढं लिहून पुढे जाणारं पुस्तक नको, आणि पाच तत्त्वांची आरती करणारंही नको. दोन्ही मुलांना विचार करू देत नाहीत.

एका करारावर विसंबू नका. दुसरा घ्या 9 ऑगस्ट 1971 चा भारत-सोव्हिएत करार. कित्येक पुस्तकं त्याला सरळ ‘लष्करी युती’ म्हणून टाकतात. कलम 9 वाचा : हल्ला झाला किंवा तसा धोका निर्माण झाला, तर दोघांनी ताबडतोब विचारविनिमय करायचा आणि योग्य उपाय योजायचे. सैन्य पाठवण्याचं बंधन त्यात नाही. कलम 4 मध्ये तर सोव्हिएत संघ भारताच्या अलिप्ततेचा, म्हणजे कोणत्याही महासत्तेच्या गटात न जाण्याच्या धोरणाचा, आदर करतो असं लिहिलेलं आहे. शिवाय महिनाभर आधी अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला (आजचं बीजिंग) जाऊन आले होते आणि पूर्व बंगालमधून (आजचा बांगलादेश) निर्वासितांचे लोंढे येतच होते. या दोन गोष्टी त्याच पानांवर नसतील, तर करार ऑगस्टमध्येच का झाला हे मुलांना कधीच कळणार नाही.

करारांचे मसुदे परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. एका पुस्तकामागे दोन तास जातील. ते घालवा. तुमच्या वर्गातली पोरं वर्षभर त्या पुस्तकावर विसंबणार आहेत.

4. मराठी पुस्तकात ‘तटस्थता’ शोधा. अलिप्ततेच्या जागी हा शब्द वापरला असेल, तर पुस्तक परत करा. तटस्थ स्वित्झर्लंड होतं. भारताने 1950 मध्ये उत्तर कोरियाच्या आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला, वैद्यकीय पथक पाठवलं, आणि 1956 मध्ये सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर केलेल्या हल्ल्यावरून ब्रिटनला खडसावलं. गटात न जाणं वेगळं आणि बाजू न घेणं वेगळं. हा घोळ एकदा डोक्यात बसला की उत्तरपत्रिकेपर्यंत जातो; दरवर्षी मी तो तपासते.

5. शेवटी नावांची आणि विषयांची सूची. नसेल तर पुस्तक नको.

6. मराठी की इंग्रजी? मराठी माध्यमातल्या मुलांच्या हातात मराठीच द्या. इंग्रजी पुस्तकातली दोन प्रकरणं निवडून ती वर्गात सोबत बसून वाचा. ‘इंग्रजी सुधारेल’ म्हणून अख्खं इंग्रजी पुस्तक लावलं की दिवाळीपर्यंत सगळे गाईडवर येतात.

7. ऑर्डर देण्याआधी निवडलेल्या पुस्तकातलं पंचशीलाचं प्रकरण दोन विद्यार्थ्यांना वाचायला द्या. एक हुशार, एक बेताचा. दुसऱ्या दिवशी त्यांना त्या मुलीचाच प्रश्न विचारा. बेताच्या मुलाने पुस्तक न उघडता तिबेट, खिंडी आणि न काढलेली सीमा एवढं सांगितलं, की ग्रंथपालांना प्रतींचा आकडा कळवा.