माळ्यावरचा स्पेक्ट्रम : उघडायचा की एम्युलेटरवर भागवायचं?

ठाण्यात नौपाड्यात एकामागून एक इमारती रीडेव्हलपमेंटला जातायत, माळे रिकामे होतायत आणि त्यातून जुने कम्प्युटर बाहेर पडतायत. बहुतेक वेळा स्पेक्ट्रम, म्हणजे ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा ऐंशीच्या दशकातला घरगुती कम्प्युटर : एकतर पुण्याच्या डेसिबेल्सने परवाना घेऊन बनवलेला स्पेक्ट्रम प्लस, क्वचित कुणाच्या काकांनी लंडनहून आणलेला १९८२च्या मॉडेलचा, रबरी बटणांचा ४८के. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर नोकरी केली, हे आसपास सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मशीन घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि प्रश्न ठरलेला असतो : ताई, हा अपग्रेड करून चालवू, की सरळ लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकू?

मी आधी विचारते, कॅसेट आहेत का? या मशीनचे प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवलेले असायचे.

कारण गेम कुठे जात नाहीत. ते जगभरातल्या हौशी लोकांनी केव्हाच जपून ठेवलेत. पण तुमच्या वडिलांनी बेसिकमध्ये लिहिलेला सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब फक्त त्या एका कॅसेटवर आहे, आणि आपल्या हवेत कॅसेटला बुरशी धरते. तेव्हा मशीन राहू द्या बाजूला, आधी कॅसेट उतरवून घ्या.

कॅसेट उजेडात धरून खिडकीतून बघा. टेपच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, हेडला बुरशी लागेल आणि पुढच्या सगळ्या कॅसेटवर जाईल. स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. मग डेकमधून आवाज लॅपटॉपमध्ये घ्या. लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर यूएसबी साउंड कार्ड घ्या, साधं चालेल. रेकॉर्डिंग मोनो, ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, आणि फाइल वेव्ह. एमपीथ्री नको. डेकवरचं डॉल्बीचं बटण बंद, लॅपटॉपमधलं नॉइज कमी करणारं सेटिंगही बंद. त्याला हा सगळा डेटा म्हणजे कचराच वाटतो.

आता कान लावा. आधी साधारण पाच सेकंद एकसुरी शिट्टी, मग क्षणभर चिरका आवाज (तो हेडर, त्यात प्रोग्रामचं नाव असतं), थोडं थांबून दोनेक सेकंदांची शिट्टी, आणि मग खरा किंचाळा. शिट्टी दबकी, कापसातून आल्यासारखी येत असेल तर हेड तिरकं बसलंय. हेडशेजारच्या बारीक स्क्रूवर सोनाराचा स्क्रूड्रायव्हर ठेवा आणि टेप चालू असतानाच केसभर फिरवा. शिट्टी एकदम धारदार होते ती जागा पकडा. कॅसेट ज्या डेकवर भरली त्याच्या हेडचा तिरकेपणा तिच्यात उतरलेला असतो, म्हणून दुसऱ्या घरातली कॅसेट आली की हे पुन्हा करायचं. कंटाळवाणं काम आहे, पण नव्वद टक्के यश या स्क्रूत आहे असं माझं मत.

मग एम्युलेटर. मी फ्यूज वापरते. फुकट आहे, लिनक्स, विंडोज, मॅक सगळीकडे चालतो आणि वेव्ह फाइल थेट घेतो. स्पेक्ट्रमची रॉम, म्हणजे मशीनमध्ये कायमचं बसवलेलं सॉफ्टवेअर, मिळवण्यात चोरी नाही. सिंक्लेअरचा कम्प्युटरचा धंदा १९८६ साली अ‍ॅमस्ट्रॅडने घेतला आणि पुढे त्यांनीच एम्युलेटरसोबत रॉम वाटायला परवानगी दिली. लोड करताना स्क्रीनच्या कडेला शिट्टीच्या वेळी लाल-आकाशी पट्टे आणि डेटाच्या वेळी निळे-पिवळे पट्टे धावतात. हेडर बरोबर वाचला की प्रोग्रामचं नाव येतं, जास्तीत जास्त दहा अक्षरी. ‘टेप लोडिंग एरर’ आली तर परत त्या स्क्रूकडे जा. चाललं की टीएपी, म्हणजे एम्युलेटरसाठीची टेपची फाइल करून ठेवा, आणि मूळ वेव्हही फेकू नका.

एम्युलेटरबद्दल तक्रारी दोनच. मूळ मशीन सेकंदाला ५० चित्रं काढतं, आपले लॅपटॉप ६०, त्यामुळे सरकणारं चित्र अडखळतं. रास्पबेरी पाय हा छोटा कम्प्युटर टीव्हीला लावून एचडीएमआय ५० हर्ट्झवर ठेवला आणि टीव्हीचा गेम मोड चालू केला की हा त्रास जातो, बटण दाबल्यावरचा उशीरही कमी होतो. दुसरं म्हणजे कीबोर्ड. स्पेक्ट्रमवर ‘J’चं बटण दाबलं की अख्खा लोड शब्द उमटतो, लॅपटॉपच्या बटणांवर ते छापलेलं नसतं. कीबोर्डचा फोटो शेजारी ठेवा, चार दिवसांत हात बसतो. ‘मिस्टर’सारखे एफपीजीएवाले (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपचे) बोर्डही आहेत, ते चिपची वागणूक हार्डवेअरमध्येच उभी करतात. छान असतात, पण एवढा खर्च करायचा तर मनापासून वेड हवं.

फक्त गेम खेळायचे असतील किंवा बाबांचा प्रोग्राम चालताना बघायचा असेल, तर इथेच थांबा. त्यासाठी मशीन उघडायची काही गरज नाही. तीच बटणं, तेच मशीन हाताखाली हवं असेल, किंवा मुलांना त्यातल्या झेड८० प्रोसेसरवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचं असेल, तरच पुढे या.

सगळ्यात आधी अडॅप्टर. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या पिनचा मधला भाग मायनस असतो. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरचा मधला भाग प्लस असतो. उलटा लावला की आतला ट्रान्झिस्टर जातो आणि सोबत मेमरीही घेऊन जातो. मूळ अडॅप्टर सापडला तरी लावू नका. तो रेग्युलेटेड नाही, लोड नसताना ९पेक्षा बराच जास्त व्होल्टेज दाखवतो. रेग्युलेटेड ९ व्होल्ट, २ अँपिअरचा घ्या, पोलॅरिटी उलटी करून घ्या आणि मशीनला लावण्याआधी मल्टिमीटरने तपासा.

चालू केल्यावर पडद्याची वाट बघत बसू नका, आधी व्होल्टेज मोजा. खालच्या १६के मेमरीच्या ४११६ चिपना तीन व्होल्टेज लागतात : १ नंबरच्या पिनवर उणे ५, ८वर १२, ९वर ५, आणि १६ नंबर ग्राउंड. उणे ५ गायब आणि १२ हजर, अशी स्थिती असेल तर लगेच बंद करा, नाहीतर चिप एकेक करून मरतात. प्रोबचं टोक घसरून दोन पिना जोडल्या जाऊ नयेत म्हणून मी टोकाला नळी चढवते, फक्त मिलिमीटरभर धातू उघडा ठेवते.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र सगळे बदलाच. स्पेक्ट्रममधले आडवे असतात. ज्या टोकाला खाच ते प्लस. तसे मिळाले नाहीत तर उभे घ्या आणि पाय वाकवून बसवा. १०५ डिग्रीचे मागा. ठाण्याहून दादर, तिथे वेस्टर्नला बदलून ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चालत. जुन्या मेमरी चिप मात्र बाजारातून घेताना जपून, नंबर नव्याने छापलेले असतात. अंगठ्याला अल्कोहोल लावून घासा, शाई सुटली तर ठेवा परत. सोल्डरचे टाके काढताना पंखा बंद, मे महिन्यातसुद्धा. वाऱ्याने टाका अर्धवट थंड होतो, मग आपण जास्त वेळ उष्णता देतो आणि जुन्या बोर्डाचा ट्रॅक उचलला जातो.

अपग्रेड म्हणाल तर मी तीनच करते, आणि तिन्ही परत काढता येतात. एक, ७८०५ रेग्युलेटरच्या जागी तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर. जुना जास्तीचे व्होल्ट नुसती उष्णता करून फेकतो, नवा जवळजवळ थंड राहतो. दोन, व्हिडिओ. मूळ आउटपुट टीव्हीच्या यूएचएफ ३६ चॅनलवर येतं. मॉड्युलेटरच्या (चित्र टीव्हीच्या चॅनलवर पाठवणाऱ्या भागाच्या) डबीत येणाऱ्या दोन्ही वायर सोडवा, आतला रेझिस्टर सॉकेटपासून सुटा करा आणि व्हिडिओची वायर १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून त्याच सॉकेटला जोडा. आता टीव्हीच्या एव्ही इनपुटवर स्वच्छ चित्र (PAL पद्धतीचं) येतं. कव्हरला भोक पाडायचं नाही, ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. तीन, मागच्या कनेक्टरला डिव्हएमएमसी, म्हणजे कॅसेटऐवजी एसडी कार्ड. कनेक्टर आधी अल्कोहोलने पुसा, आणि मशीन चालू असताना ते कधीही लावू किंवा काढू नका.

कीबोर्ड मेला असेल तर बहुधा आतल्या पातळ मेंब्रेनची शेपटी कडक होऊन तुटलेली असते. नवी मेंब्रेन आजही बनते, तीच घ्या. सेलोटेपचे प्रयोग नकोत.

शाळेतल्या लॅबमधून आलेला बीबीसी मायक्रो किंवा त्याचाच आपल्याकडे बनलेला अवतार एससीएल युनिकॉर्न असेल, तर वेगळी ताकीद. १९८४च्या ‘क्लास’ या सरकारी कम्प्युटर शिक्षण योजनेत ही मशीन शाळांमध्ये आली. यांचा पॉवर सप्लाय आतच असतो, थेट २३० व्होल्टचा. त्यातल्या मेन्स फिल्टरच्या कागदी कपॅसिटरला वरून भेगा पडतात, दमट हवा आत शिरते आणि प्लग लावल्यावर घरभर कडवट धूर होतो. प्लग लावून बघू नका, आधी ते कपॅसिटर काढून एक्स-टू दर्जाचे, म्हणजे थेट मेन्सवर चालणारे, बसवा. मेन्सवर काम केलेलं नसेल तर हे जाणकाराकडूनच करून घ्या.

काढलेले जुने भाग, मॉड्युलेटरच्या आतल्या जोडणीचा फोटो आणि काय बदललं त्याची चिठ्ठी, सगळं एका झिप पाकिटात घालून मशीनच्याच खोक्यात ठेवा. सोबत सिलिका जेल, आणि पावसाळ्यात खोकं माळ्यावर नाही, कपाटात.