वर येणारे हेडलाइट मंद पडले? सुटे भाग मागवण्याआधी या चुका टाळा

डावा दिवा पिवळट, उजवा ठणठणीत. गाडी १९९३ ची युनोस रोडस्टर, म्हणजे जपानमध्ये विकली गेलेली पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. हिचे हेडलाइट एरवी झाकणाखाली बसलेले असतात, लावले की मोटर त्यांना झाकणासकट वर उचलते. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे मी राहतो त्या ब्रिटनमध्ये अशा कितीतरी रोडस्टर आल्या. नोव्हेंबर होता, साडेचारलाच अंधार पडायचा. मी आधी बल्ब बदलला. मग त्याहून महाग बल्ब घातला. मग गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून आख्खा लॅम्प. उजेड होता तसाच. दोष शेवटी बॉडीला टेकलेल्या एका काळ्या वायरीच्या टोकाखाली सापडला.

मी वाढलो कोल्हापुरात. उद्यमनगरातले वायरमन काका कुठलीही गाडी आली की आधी म्हणायचे, "अर्थिंग बघ रे." म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारा जोड. लहानपणी शंभरदा ऐकलेलं हे वाक्य मला तीन सुटे भाग विकत घेतल्यावर आठवलं. तुमचे पैसे आणि संध्याकाळचा वेळ वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

उठणं वेगळं, पेटणं वेगळं

या गाडीत झाकण वर उचलणारी मोटर आणि बल्बला जाणारा करंट ही दोन स्वतंत्र कामं आहेत. "हेडलाइट गेला" म्हणून एकदम दोन्हीकडे हात घालू नका. डॅशबोर्डच्या मधोमध, हॅझर्डच्या बटणाशेजारी आणखी एक बटण असतं. ते दाबलं की दिवे न पेटता नुसते वर येतात. मला विचाराल तर निदानाचं सगळ्यात चांगलं साधन तेच, आणि ते फुकट आहे.

बटण दाबल्यावर दोन्ही बाजू वर आल्या, तर मोटरचा विचार सोडा आणि बल्बच्या वायरिंगकडे वळा. एकच बाजू आली, तर दुसऱ्या बाजूची मोटर, तिचा कनेक्टर किंवा मोटरपासून लॅम्पपर्यंतची दांडी तपासा. दोन्ही हलल्या नाहीत, तर आधी इंजिनाजवळच्या डब्यातला ३० अँपिअरचा रिट्रॅक्टर फ्यूज, म्हणजे दिवे उचलणाऱ्या मोटरींचा फ्यूज. मोटरचा आवाज येतो पण झाकण जागचं हलत नाही, असं असेल तर दोष विजेचा नाहीच. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या पाचव्या पिढीत (१९९७ ते २००४) हे फार होतं: आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दाते झडतात आणि मोटर नुसतीच घरघरत राहते. तिथे पूर्ण मोटर घ्यायची गरज नसते, पितळी गिअर बसवला की काम होतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आत हात घालण्याआधी तो रिट्रॅक्टर फ्यूज काढून खिशात ठेवा. दिवा मध्येच अडकलेला असतो, आपण कनेक्टर हलवतो आणि झाकण क्षणात खाली येतं. बोट सापडलं तर मोटर थांबत नाही. अडकलेलं झाकण कडेला धरून ओढायचंही नाही, दांडी वाकते. मोटरच्या वरची रबरी टोपी काढली की खाली हाताने फिरवायची मूठ दिसते. फ्यूज काढून ती सावकाश फिरवा, दिवा उठतो.

मंद दिवा: मीटर कसं लावायचं

माझी खरी चूक इथे झाली. मी मल्टिमीटर "बीप"वर, म्हणजे वायर सलग आहे का एवढंच सांगणाऱ्या सेटिंगवर ठेवून काळी वायर तपासली, बीप वाजला, आणि अर्थिंग चांगलं आहे असं धरून चाललो. पण वायरीच्या वीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी बीप वाजतो. मीटर नावापुरता करंट सोडतं. एच-४ बल्बमध्ये डिपर (जवळचा उजेड) आणि अपर (लांबचा उजेड) अशा दोन फिलामेंट असतात. त्यातला ५५ वॉटचा डिपर मात्र साडेचार अँपिअरच्या वर ओढतो. म्हणून तपासणी दिवा चालू ठेवूनच करायची.

इंजिन चालू, डिपर चालू. बल्बचा कनेक्टर बसलेलाच राहू द्या. मीटर डीसी व्होल्टवर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं कनेक्टरच्या मागून काळ्या वायरीच्या पिनला. दिसतो तो आकडा म्हणजे वाटेत वाया जाणारे व्होल्ट, तो ०.२ च्या आत हवा. माझ्या उजव्या बाजूला ०.०८ आला, डाव्या बाजूला १.८. मग तसंच बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लस पिनपर्यंत मोजलं, तिथे ०.३ जात होते. म्हणजे बॅटरीवर १३.९ व्होल्ट असताना डाव्या बल्बच्या वाट्याला आले ११.८. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १०% घटलं की उजेड ३०% घटतो. माझ्या डाव्या दिव्याला निम्म्याहून थोडाच जास्त उजेड उरला होता, मग बल्ब कितीही भारी घाला.

अर्थिंगचा बोल्ट खोलला तेव्हा वॉशरखाली हिरवट-पांढरी भुकटी होती आणि त्याखाली तपकिरी गंज. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर सगळीकडे शिरतं. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन रिंग टर्मिनल दाबून बसवलं, दातेरी वॉशर घातला आणि घट्ट केल्यावर वरून ग्रीस लावलं. परत मोजलं: ०.०६.

अर्थिंग पूर्ण तुटलं की आणखी एक खूण दिसते. डिपर लावला तरी डॅशबोर्डवरचा अपरचा निळा दिवा मिणमिणतो, कारण करंट अर्थिंगची वाट न मिळाल्याने अपरच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो. काही जपानी गाड्यांत मात्र स्विच अर्थच्या बाजूला असतो, त्यामुळे निष्कर्ष काढण्याआधी आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम बघाच.

प्लसच्या बाजूला व्होल्ट जात असतील तर बल्बच्या मागचा होल्डर आधी बघा. प्लास्टिक तपकिरी झालंय, पिन सैल आहे, तर होल्डर बदला. जळका होल्डर नवा बल्बही खातो. दोन्ही बाजूंचे बल्ब वारंवार उडत असतील तर बॅटरीवर इंजिन चालू असताना मोजा. १५ च्या वर आकडा गेला तर दोष अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) व्होल्टेज रेग्युलेटरचा.

बल्ब बदलताना

हॅलोजनची काच बोटांनी धरू नका, हाताचं तेल लागलं की तिथेच ती जास्त तापते. आणि स्क्रू ओळखून खोला. लॅम्पची रिंग धरणारे स्क्रू लहान असतात. स्प्रिंग लागलेले मोठे स्क्रू उजेडाची दिशा ठरवतात. ते फिरले की सेटिंग गेलंच. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा. डिपरची वरची कड लॅम्पच्या मध्यापेक्षा ५ ते २० सेंटिमीटर खाली पडायला हवी. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत या उंचीच्या दिव्यांना हीच मर्यादा लागू होते.

मंद दिव्यावर उपाय म्हणून एलईडी बल्ब घालायचा मोह होतो. घालू नका. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, एलईडीचा उजेड भलतीकडे फेकला जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. १ एप्रिल १९८६ नंतरच्या गाडीत हॅलोजनच्या लॅम्पमध्ये एलईडी सापडला तर एमओटीत गाडी नापास होते, आणि मला तो नियम अगदी योग्य वाटतो.

राहिली थंडीची गोष्ट. रात्री पाणी गोठून झाकणाच्या फटीत बर्फ धरतो, सकाळी आपण स्विच फिरवतो आणि मोटर बर्फाशी झुंजत राहते. कडाक्याची थंडी सांगितली असेल त्या संध्याकाळी ते मधलं बटण दाबून दिवे वरच ठेवा आणि गाडी बंद करा.