असिस्टेड लिव्हिंगमध्ये नव्यानं कामाला लागताना

पुण्यात मुलं परदेशी आणि आई-वडील इथे, अशी घरं भरपूर. म्हणून बावधन, वाघोली, तळेगाव या बाजूंना ज्येष्ठांसाठीची, रोजच्या कामांत मदत मिळणारी निवासं, म्हणजे असिस्टेड लिव्हिंग, वाढली आणि तिथे काम करणाऱ्यांची मागणीही. जीडीएचा (जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे रुग्णसेवा सहाय्यकाचा) कोर्स करून आलेली किंवा नर्सिंग ब्युरोनं पाठवलेली मुलं-मुली माझ्याकडे शिकायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, नेमकं लक्ष कशावर ठेवायचं?"

प्रत्येकाचं रोजचं कसं असतं, ते आधी पाठ करा. पेपर उशिरा आला म्हणून सहा वाजता आवाज चढवणारे काका आज गप्प असतील, तर ती बातमी आहे. कालपर्यंत व्यवस्थित बोलणाऱ्या आजी अचानक भलतंसलतं बोलायला लागल्या, तर "वय झालंय" म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, नवं सुरू झालेलं औषध, यातलं काहीही असू शकतं. या वयात संसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

सगळ्यात जास्त भीती पडण्याची, तीही रात्री बाथरूमला जाताना. झोपलेलं माणूस एकदम उभं राहिलं की बीपी उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी पलंगाच्या कडेला बसवा, पाय खाली सोडू द्या, थोड्या वेळानं उभं करा. कुणी पडलंच तर धावत जाऊन उचलू नका. कुठे दुखतंय विचारा, शुद्ध आणि हातपाय बघा. डोक्याला मार असेल आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर माणूस हसत बोलत असला तरी हॉस्पिटल गाठायचं. अॅम्ब्युलन्सचा १०८ नंबर तोंडपाठ हवा. विसर्जनाच्या दिवशी पेठांतले रस्ते बंद असतात, त्यामुळे कुठल्या हॉस्पिटलला कुठून जायचं हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

नंतर येतं रजिस्टर, आणि इथे नवे लोक हमखास घोळ घालतात. "काकू बाथरूममध्ये घसरल्या" असं लिहितात. तुम्ही घसरताना पाहिलंत का? नाही ना? मग "४.१० ला बाथरूमच्या फरशीवर बसलेल्या दिसल्या, उजवा गुडघा दुखतो म्हणाल्या" एवढंच लिहा. घसरल्या की चक्कर आली, हे डॉक्टरांना शोधायचंय. तुमच्या अंदाजानं ते चुकीच्या वाटेला लागतात.

अंघोळ, कपडे, संडास, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण या सहा गोष्टी कुणाला कितपत जमतात, हे मोजायची अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांची पद्धत १९६३ पासून चालत आली आहे. तो तक्ता आपण भरतो, पण त्यातलं खरं काम हात आवरण्याचं. काकांना शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात? लागू द्या. तुम्ही रोज लावून दिलीत तर काही महिन्यांत त्यांची बोटं ते विसरतील. घाईच्या शिफ्टमध्ये हे जड जातं, मला ठाऊक आहे. आणि खोलीत शिरताना दार वाजवायचं. ते त्यांचं घर आहे.

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्यांची घालमेल बहुधा संध्याकाळी वाढते. "मला शनिवार पेठेत जायचंय, आई वाट बघतेय" म्हणत आजी दाराशी येतात. वाडा पाडून तिथे इमारत झाली, हे त्यांना पटवत बसू नका. आई काय करायची, वाड्यात कोण कोण होतं, असं विचारत सोबत दोन फेऱ्या मारा. दिवे लवकर लावा, टीव्हीचा आवाज कमी करा. गणपतीत ढोल सुरू झाले की त्यांना आतल्या बाजूच्या खोलीत न्या.

परदेशातल्या मुलांचे फोन बहुतेक रात्री येतात. त्यांना काय झालं, केव्हा झालं, आपण काय केलं, एवढं सांगा. "काळजी करू नका" हे वाक्य त्यांना अजिबात उपयोगाचं नसतं.

नोकरी घेण्याआधी पगाराइतकंच हेही विचारा: रात्री एका माणसाकडे किती जण असतात, डॉक्टर फोनवर कोण आहेत, आणि शिफ्ट बदलताना दोघं मिळून प्रत्येकाच्या खोलीत जातात की नुसती किल्ली हातात देतात. शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला, तर दुसरी जागा बघा.