इंग्रजी वाक्यातल्या शब्दाची जात कशी ओळखावी

शाळेत आपण शब्दांच्या आठ जाती पाठ करतो: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अव्यय. इंग्रजीचे शालेय व्याकरणही साधारण याच आठ जाती मानते. तरी इंग्रजी वाक्य समोर आले की अनेकांचे गाडे अडते. व्याख्या तोंडपाठ असतात, पण सुरुवात कुठून करायची हे कोणी दाखवलेले नसते. मराठीत 'मुलाने', 'मुलाला' अशी रूपेच बरेच काही सांगून जातात. इंग्रजीत रूपे फारशी बदलत नाहीत, म्हणून तिथे शब्द कुठे बसला आहे ते पाहावे लागते.

हे वाक्य घेऊ: 'वॉव! द लिटल गर्ल स्विम्स वेल, बट शी नेव्हर गोज निअर द डॅम.'

१. आधी क्रियापद शोधा. बहुतेक जण नामापासून सुरुवात करतात, ते टाळा. वाक्याला 'यस्टरडे' जोडून पाहा. 'स्विम्स'चे 'स्वॅम' होते, 'गोज'चे 'वेन्ट'. बाकीचा एकही शब्द बदलत नाही. काळाबरोबर बदलले ते क्रियापद. 'कट', 'पुट' अशी मोजकी क्रियापदे भूतकाळातही तशीच राहतात. तिथे शब्दाच्या आधी 'विल' चालते का ते पाहा.

२. क्रियापदाला 'कोण?' विचारा. कोण पोहते? 'गर्ल'. हे नाम. त्याच्या आधी 'द' आहे, आणि 'गर्ल्स' असे अनेकवचनही होते. 'डॅम'लाही हीच कसोटी लावा. 'शी' हा शब्द 'गर्ल'च्या जागी आला, म्हणून सर्वनाम.

३. नामाला चिकटलेला शब्द पाहा. 'लिटल' मुलीबद्दल सांगतो, म्हणून विशेषण. इथे मराठी माणसाला मोठी सूट आहे: आपल्याकडे चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल, इंग्रजीत तिन्हींना एकच 'गुड'.

४. क्रियेबद्दल सांगणारे शब्द वेगळे काढा. कशी पोहते? 'वेल'. किती वेळा जाते? 'नेव्हर'. दोन्ही क्रियाविशेषणे. शेवटी 'ली' दिसले की क्रियाविशेषण, हा नियम मात्र अर्धाच खरा. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' विशेषणे आहेत. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो खूप मेहनत करतो, आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जेमतेम काम करतो. दोन्ही क्रियाविशेषणे, अर्थ मात्र उलटा. नोकरीच्या अर्जात ही गल्लत महागात पडेल.

५. जोडणारे शब्द. आपण 'धरणाजवळ' म्हणतो, 'जवळ' नामाच्या मागून येते. इंग्रजीत 'निअर' नामाच्या आधी येते, काम मात्र शब्दयोगीचेच. 'बट' दोन वाक्ये जोडते, ते उभयान्वयी. 'बिफोर' दोन्ही कामे करते, म्हणून त्याच्यापुढे काय आहे ते बघा. 'बिफोर लंच'मध्ये नुसते नाम आहे, तेव्हा ते शब्दयोगीचे काम करते. 'बिफोर ही केम'मध्ये क्रियापदासह आख्खे वाक्य आहे, तेव्हा उभयान्वयी. 'वॉव' तर उद्गारचिन्हावरूनच कळते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. शब्दाची जात शब्दावर कोरलेली नसते, ती वाक्यातल्या कामावरून ठरते. 'फास्ट'च पाहा. 'अ फास्ट ट्रेन'मध्ये विशेषण. 'द ट्रेन रन्स फास्ट'मध्ये क्रियाविशेषण. 'दे फास्ट ऑन एकादशी'मध्ये क्रियापद, आणि 'शी ब्रोक हर फास्ट'मध्ये नाम. म्हणून 'फास्ट म्हणजे विशेषण' अशा याद्या पाठ करू नका, मुलांकडूनही करून घेऊ नका. शब्दकोशात बघताना पहिल्या नोंदीवर थांबू नका. त्याच शब्दाच्या पुढच्या नोंदीही वाचा.

'अ', 'ॲन', 'द' यांचे काय? जुनी पुस्तके त्यांना विशेषणांत धरतात, नवी पुस्तके वेगळा गट करतात. तुम्हाला त्यांचा उपयोग एकच: ते दिसले की पुढे कुठेतरी नाम येणार.

सरावाला इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या, पण मथळा नको. मथळ्यात 'द' आणि 'इज'सारखे शब्द गाळलेले असतात, त्यामुळे एखादा शब्द नाम आहे की क्रियापद हे ठरवणे सरावलेल्यांनाही जड जाते.