कुत्र्याच्या पायाला लागलंय? या चुका टाळा

कुत्रं एक पाय उचलून लंगडत आलं की घरात सल्ल्यांची रीघ लागते. कोणी हळद भरा म्हणतं, कोणी तेल चोळायला सांगतं, कोणी डोकेदुखीची अर्धी गोळी पुढे करतं. हे सगळं मायेपोटीच असतं, पण त्या मुक्या जिवाचे हाल त्यातूनच वाढतात.

सगळ्यात घातक चूक गोळीची. पॅरासिटामॉलने कुत्र्याचं यकृत खराब होऊ शकतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने पोटात जखमा होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ‘अर्धीच दिली’ हा हिशेब इथे चालत नाही. गोळी आधीच दिली असेल तर ती कोणती, किती आणि कधी, हे डॉक्टरांना सांगा. लाजून लपवलंत आणि त्यांनी त्यावर वेदनाशामक इंजेक्शन दिलं, तर धोका दुप्पट.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. आमच्या शेरूच्या पंजाला काच लागली, तेव्हा पट्टी निसटू नये म्हणून मी क्रेप बँडेज करकचून बांधलं. सकाळी बोटं टम्म फुगलेली आणि थंडगार. तेव्हापासून पट्टी बोटांकडून वर गुंडाळत जाते, बेचक्यांत थोडा कापूस ठेवते आणि मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवते. दर दोन-तीन तासांनी तिथे पाहायचं. ती दोन नखं एकमेकांपासून दूर सरकली असतील तर आत सूज चढते आहे, पट्टी लगेच सोडायची. ओली झालेली पट्टीही ठेवायची नाही.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड पाच मिनिटं दाबून धरा. थांबलं का म्हणून मधेच उचलून पाहू नका, धरलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. दोरीने पाय आवळू नका. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, चुना जखमेवर नको. धुवायला सलाईन उत्तम. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा.

हाड मोडल्यासारखं वाटलं तर पाय ओढून सरळ करू नका, फूटपट्टी बांधून आधारही देऊ नका. आधाराचं टोक मोडलेल्या जागीच आलं तर हाड आणखी हलतं. मालिश आणि गरम शेकही नको. फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर उचला. दवाखान्यात जाईपर्यंत खायला देऊ नका, कदाचित भूल द्यावी लागेल.

कितीही लाडकं कुत्रं असलं तरी दुखऱ्या पायाला हात लावला की चावू शकतं. ओढणीने तोंड सैलसर बांधा. मात्र उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा पगसारखं चपट्या नाकाचं असेल तर बांधू नका. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांना दाखवा.

गाडीची धडक बसली असेल तर पायाआधी हिरड्या पाहा. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. हिरड्या पांढुरक्या असतील, श्वास जोरात चालला असेल, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. पट्टी बांधण्यात वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठा आणि निघतानाच तिथे फोन करून कळवा.